कोंड्याचं पाणी

व्रतामुळे माझ्या आत्याचं डोकं बिघडलं, असं आमच्या गल्लीत कुणी म्हणालं नाही. उलट व्रताने तिला दृष्टी आली, असंच सगळे म्हणत. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मीही तेच म्हणत होते. फक्त मला एक गोष्ट बाकीच्यांपेक्षा जास्त माहीत होती आणि ती मी लपवली. आज सांगते. सांगून कुणाचं भलं होणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, पण या वयात गप्प बसण्याचाही कंटाळा येतो.

आम्ही काशीतले मराठी. पणजोबा कोकणातून आले आणि राजा घाटाच्या वरच्या गल्लीत राहिले, ते कायमचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. तीही घरात इतकी शिरली होती, की पुण्याकडून आलेले यात्रेकरू आमचं बोलणं ऐकून तोंड लपवून हसायचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते पाठशाळेत धर्मशास्त्र शिकवत. आई मी सहा वर्षांची असतानाच गेली. अण्णांची थोरली बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. लाल आलवणातली, डोईवर पदर ओढलेली ही आत्या. तिनेच मला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, वेणी घातली, तीच रागावली आणि तिनेच जवळही घेतलं. मला तिच्यावाचून दुसरं कुणी नव्हतं.

आईचा चेहरा मात्र मला आठवत नव्हता. तिचा फोटो कधी काढलेला नव्हता. डोळे मिटून कितीही ताणलं, तरी एक पाठमोरी बाई दिसायची आणि तीही आत्याच निघायची. या गोष्टीचं मला आतून फार वाईट वाटे. मैत्रिणी आईविषयी कुरकुर करायला लागल्या की मी उठून जात असे.

माझ्या पत्रिकेत मंगळ होता. दोन स्थळं आली आणि पत्रिका पाहून परत गेली. तेव्हा आत्याने चातुर्मासात धारणं-पारणं धरलं. धारणं म्हणजे एक दिवस नुसतं पाणी, पारणं म्हणजे दुसऱ्या दिवशी एकदा जेवण, आणि हे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने. पहिल्या वर्षी लग्न जमलं नाही. दुसऱ्या वर्षी तिने त्यात भर घातली: पारण्यालाही एकच धान्य खायचं, तेही अळणी. तिसऱ्या वर्षी चातुर्मास सुरू व्हायच्या आधीपासूनच ती तशी जेवू लागली. हट्टाला पेटली की ती अण्णांनाही जुमानत नसे.

ते एक धान्य म्हणजे तांदूळ. आणि तांदूळ कुठला, तर गिरणीचा. पलीकडच्या गल्लीत एक बाई ढेकीवर भात कांडून देत असे. पण ढेकी पायाने चालवतात. कुणाच्या कुणाच्या पायाखालून आलेलं अन्न व्रताला कसं चालेल? गिरणीचा तांदूळ तिच्या दृष्टीने सोवळा, कुणाचा हात नाही की पाय नाही. पांढराशुभ्र, मोगऱ्याच्या कळ्यांसारखा. तो ती सात पाण्यांनी धुवायची आणि शिजला की पेज काढून टाकायची. इतक्या शुद्धतेनंतर त्यात काय उरलं असेल, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कुणालाही पडला नाही. अण्णा चार शास्त्रं शिकलेले, पण भाताकडे त्यांनी कधी शास्त्राच्या नजरेने पाहिलं नाही.

भाद्रपदात तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटऱ्या दुखत, तळपायांना मुंग्या येत. देवापुढे एक निरांजन लावलेलं असताना ती म्हणाली, "आज दोन कशाला लावलीस गं? तूप फुकट आलंय का?" घाटावर तर तिने नसलेल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि कोसळली. मग ती पाय फाकवून, भिंत धरधरून चालायला लागली. बोलताना तिची बुबुळं आपोआप एका बाजूला सरकत आणि थरथरत परत येत. मला ते बघवत नसे. शेजारच्या काकू मात्र हात जोडून म्हणाल्या, "तबियत बिलकुल नाही बिघडलेली. नजर आत वळलीये त्यांची. एवढं कडक व्रत, काही तरी मिळणारच ना!"

पितृपंधरवडा लागला. आई अहेवपणी गेलेली, म्हणून तिचं श्राद्ध अविधवा नवमीला असायचं. त्या दिवशी शेजारच्या काकूच सवाष्ण म्हणून जेवल्या, ओटी घेऊन गेल्या. दुपारी मी मागचं आवरून खोलीत आले, तर चटईवर पडलेली आत्या सहज आवाजात म्हणाली, "वहिनी भेटली का गं तुला?"

"कोण वहिनी?"

"कोण म्हणजे? तुझी आई. आत्ता तर गेली. गंगेवरून येत होती, केस ओलेच होते. विचारत होती, पोरीचा कान बरा झाला का?"

मी पाच वर्षांची असताना उजवा कान टोचल्यावर चिघळला होता. आई रोज कडुनिंबाच्या पाण्याने धूत असे, एवढं मला ऐकून माहीत होतं. आत्या तेव्हाही याच घरात राहत होती, तिलाही ते माहीत असणारच. पण हा विचार माझ्या मनात आलाच नाही. पितर घरी येतात तेच हे दिवस, आणि माझी आई माझा कान विचारायला आली होती. मी भीत भीत विचारलं, "काय नेसली होती?"

आत्याने जराही वेळ घेतला नाही. "जांभळं लुगडं. काठ पिवळा."

मी खूप रडले. दुःखाने नव्हे, मला आनंद झाला होता.

पंधरवडा संपला. पितर आपल्या जागी परत गेले, पण आई येतच राहिली. मी रोज दुपारी आत्याजवळ जाऊन बसायची. आज आली होती का? काय म्हणाली? आत्या सांगायची, रोज नवं. आज तिने तुळशीला पाणी घातलं, आज तुझ्या परकराला ठिगळ लावलं. मी विचारलं, "गाणं म्हणत होती का?" तर म्हणे, "हो, म्हणत होती की." "तिला माझी आठवण येते का?" "येते म्हणजे काय, दुसरं बोलतच नाही." मी जे विचारीन त्याला हो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर आलंही होतं. मी तिकडे काणाडोळा केला.

शेजारच्या काकूंच्या पोटात काही राहतंय थोडंच! आठ दिवसांत दुपारच्या बायका यायला लागल्या. आधी आमच्या गल्लीतल्या, मग दोन गल्ल्या पलीकडच्या. काशीत मेलेल्यांची वानवा नाही. ज्याचं मणिकर्णिकेवर कुणी नाही असं घर सापडायचं नाही. बायका आत्यापुढे नारळ ठेवत, पाया पडत आणि हळूच विचारत. एकीचा मुलगा देवीच्या साथीत गेला होता. आत्या म्हणाली, "येऊन गेला ना. पोटभर जेवला." ती बाई पदर तोंडाशी धरून हसली, रडली, पुन्हा हसली. त्या दिवशी आत्याचं धारणं होतं, तिच्या स्वतःच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. अण्णा हे सगळं दारातून बघत. त्यांना ते पटत नसावं, पण थांबवलंही नाही. बहिणीला मान मिळतोय हे त्यांना थोडं आवडत होतं, असं मला अजून वाटतं.

एका सकाळी ती उभीच राहू शकली नाही. मग अण्णांनी चौकाजवळच्या बंगाली डॉक्टरांना आणलं. म्हातारे गृहस्थ, ब्रह्मदेशातल्या तुरुंगात नोकरी करून आलेले. त्यांनी तिला बोटाकडे बघायला सांगितलं, बुबुळं थरथरताना पाहिली, पोटऱ्या दाबल्या तेव्हा ती कळवळली. मग त्यांनी विचारलं, "माँजी, आज सवेरे क्या खाया?"

"पूरनपोली," आत्या म्हणाली. "मेरी भाभी ने बनाई थी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आज धारणं आहे, काही खाल्लेलं नाही. त्यांनी घरातला तांदूळ मागवला. तळहातावर घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "इसमें कुछ बचा ही नहीं है." तुरुंगात असाच पांढरा तांदूळ खाऊन कैद्यांचे पाय सुजत, डोळे असेच फिरत, काहीजण न घडलेल्या गोष्टी शपथेवर सांगत. हे वेड नाही, देवाचं देणंही नाही. पोटात अन्नाचा कस गेला नाही की मेंदू उपाशी मरतो, आणि आठवणीच्या जागी जी पोकळी पडते ती माणूस जे सुचेल त्याने भरतो. त्याला स्वतःला वाटतं आपण खरंच सांगतोय. डाळ, भाजी, दूध द्या, म्हणाले. आणि तांदळाचा कोंडा उकळून त्याचं पाणी दिवसातून चार वेळा. "आँखें तो सँभल जाएँगी. याददाश्त का भरोसा नहीं. जितनी देर करोगे, उतना नुकसान."

आत्याने अन्नाला साफ नकार दिला. कार्तिकीआधी व्रत मोडलं तर पोरीचं लग्न कसं होईल? अण्णा बराच वेळ येरझारा घालत राहिले. मग म्हणाले, "ताई, औषधाने व्रत मोडत नाही. शास्त्रच सांगतं. कोंड्याचं पाणी हे औषध आहे." ती तयार झाली. "औषध असेल तर घेते बापडी." अण्णांच्या साऱ्या विद्येचं आमच्या घरात कधी चीज झालं असेल, तर ते त्या एका वाक्यात. आणि ते पाणी द्यायचं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं.

डॉक्टरांना पोचवायला मी जिन्यापर्यंत गेले. तिथे मी विचारलं, "डॉक्टरसाहब, ठीक होने के बाद भी इनको दिखेगा? जो अभी दिखता है?"

"नहीं बेटी," ते म्हणाले. "वो सब बंद हो जाएगा. वही तो बीमारी है."

पहिल्या दिवशी मी पाणी दिलं. ढेकीवालीकडून कोंडा आणला, उकळला, गाळला, चारही वेळा तिच्या तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या जरा शुद्धीवर आल्यासारखी दिसली. आई आली होती का विचारलं, तर म्हणाली, "कुठली आई? तुझी आई जाऊन किती वर्षं झाली गं?"

संध्याकाळचं पाणी मी काकूंच्या गाईच्या कुंडीत ओतलं.

अकरा दिवस ओतत होते. पातेलं चुलीवर चढत होतं, उकळत होतं, मी गाळून घेत होते, सगळं यथासांग, आणि भांडं घेऊन खाली कुंडीकडे. अण्णा विचारत, "दिलंस?" मी म्हणे, "दिलं." त्यांना शंका आली तर ते आत्याला विचारत, आणि ती अगदी खात्रीने सांगायची, "घेतलं की. कडू जहर होतं." मला खोटंसुद्धा धड बोलावं लागलं नाही, ते तीच बोलत होती. आई परत यायला लागली होती. मी आत्याला मरू देत नव्हते, असं मी स्वतःला समजावत असे. चार दिवस उशीर झाला तर काय बिघडतंय? चार दिवस संपले की आणखी चार. मला आई भेटायला हवी होती, आणि त्यासाठी मी माझ्या जिवंत माणसाचं डोकं विकत होते. हे मला तेव्हा समजत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. डॉक्टरांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं होतं.

बाराव्या दिवशी अहिल्याबाई घाटाच्या बाजूने एक बाई आल्या. नवीनच होत्या, आम्हाला ओळखत नव्हत्या. त्यांची आई दोन महिन्यांपूर्वी गेली होती. त्यांनी नारळ ठेवला, आत्याचा हात हातात घेतला आणि विचारलं. मी भांडं हातात घेऊन दाराशी उभी होते.

"आत्ताच तर गेली," आत्या म्हणाली. "गंगेवरून येत होती. केस ओलेच होते. जांभळं लुगडं, पिवळा काठ. विचारत होती, पोरीचा कान बरा झाला का?"

त्या बाईंनी गोंधळून कानाला हात लावला. "कान? माझ्या कानाला तर..." मग त्या हुंदके द्यायला लागल्या. "हो हो, लहानपणी दुखायचा. एकदा खूप दुखला होता." बाकीच्या बायका एकमेकींकडे बघून माना डोलवत होत्या. काकूंनी तर डोळे मिटून नमस्कार केला.

मी त्या सगळ्यांना हाकलून दिलं. काय काय बोलले ते आठवत नाही, पण तोंडाला येईल ते बोलले. नारळही जिन्यावरून खाली टाकले. मग आत्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते पाणी तिच्या तोंडात ओतलं. अर्धं तिच्या आलवणावर सांडलं. ती घाबरून माझ्याकडे बघत होती. मला दया आली म्हणून मी ते पाजलं, असं सांगायला मला आवडेल. खरं म्हणजे मी संतापले होते. माझी आई तिने दुसरीला देऊन टाकली होती.

त्यानंतर मात्र एकही वेळ चुकवली नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी बुबुळं स्थिर झाली. दिवाळीला ती भिंत धरून उभी राहिली, कार्तिकीनंतर वरण-भात जेवली, काठी घेऊन घाटाच्या पहिल्या पायरीपर्यंत जायला लागली. अण्णांनी डॉक्टरांना शाल दिली. पण तिच्या डोक्यात नवीन काही टिकेना. जुनं सगळं होतं, तिचं बालपण, माहेरची व्रतं, माझ्या आईच्या लग्नातले रुसवेफुगवे. आज सकाळी काय झालं ते मात्र दुपारी नसायचं, आणि बऱ्याचदा एका वाक्याचं दुसऱ्या वाक्यापर्यंतही पोचत नसे. मेलेल्यांचं येणंजाणं हळूहळू थांबलं. आई गेली ती गेलीच. बायकांनी काही दिवस वाट पाहिली आणि मग म्हणायला लागल्या, की औषधाने बाईंची सिद्धी घालवली.

माझं लग्न झालं नाही. मंगळाचं निमित्त होतंच, आता गल्लीबाहेर घरातल्या वेडाचा बभ्राही झाला. मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. डॉक्टरांना मी एकदा विचारलं, की समजा कुणी अकरा दिवस उशीर केला असता तर? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कौन कह सकता है," म्हणाले, आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. त्यांना कळलं असेल का, हे मला अजून समजत नाही.

अण्णा गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. एका रविवारी सकाळी मी उन्हात बसून तिच्या तळपायांना तेल लावत होते, आणि मला एकदम ते सहन होईना. मी तिला सगळं सांगितलं. पातेलं, गाय, अकरा दिवस, डॉक्टर जिन्यावर काय म्हणाले ते. मध्येच तिने पाय जवळ ओढून घेतले.

"अकरा दिवस?"

"हो."

"का गं?"

"आई यायची म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. ते डोळे अगदी तिचे पूर्वीचे, मला रागावतानाचे होते. ती म्हणाली, "आणि मी कोण होते गं तुझी?" एवढंच. मी फरशीवर डोकं टेकून रडत राहिले. तिने मारावं, घराबाहेर काढावं, शेजारपाजार गोळा करून सांगावं, असं मला मनापासून वाटत होतं.

थोड्या वेळाने तिचा हात माझ्या डोक्यावर आला.

"अगं, रडतेस काय अशी? अण्णा बोलला का काही? येऊ दे त्याला घरी, बघते मी." आणि तिने पाय पुन्हा माझ्यापुढे केले.

मी तेल लावलं. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. मी तिला पुन्हा कधी ते सांगितलं नाही. दर वेळी तिला ते पहिल्यांदाच कळलं असतं, आणि दर वेळी तिने मला तेच विचारलं असतं.